दिवेलागणीच्या आत

नांदेड ते लातूर, रोज जायचं आणि रोज यायचं. झेपेल का? पास काढायच्या आधी पाच दिवस स्वतःच अपडाऊन करून बघायचं ठरवलं. पाचवा दिवस उजाडेपर्यंत प्रश्नच बदलला होता...

सकाळचे साडेसहा. डिसेंबरची थंडी. नांदेडच्या बसस्थानकावर लातूरची लालपरी लागली आणि दार उघडायच्या आधीच खिडक्यांमधून रुमाल, टोप्या, डब्याच्या पिशव्या धडाधड आत पडल्या. सीट पकडायचा हा फंडा मला लहानपणापासून माहीत होता. पण माहीत असणं वेगळं आणि नेम लागणं वेगळं. माझा रुमाल एका आजोबांच्या मांडीवर पडला. मला सीट मिळाली ती मागच्या चाकावरची.

‘‘रोजचं हाय का, ताई?’’ तिकीट फाडता फाडता कंडक्टरनं विचारलं.

‘‘बघायचंय, जमतं का ते.’’

‘‘बघा की. सगळे आधी बघायलाच येतेत,’’ तो म्हणाला आणि पुढं सरकला.

तर त्याचं असं झालं... मास कॉम करून मी पाच वर्षं फ्रीलान्सिंग केलंय. ज्यांनी केलंय त्यांना कळेल, एक तारखेला पगार जमा झाल्याचा मेसेज येणं ही काय चीज असते! यंदा एकदम दोन ऑफर आल्या. एक नांदेडातच, घरापासून अर्ध्या तासावर, महिना २० हजार. दुसरी लातूरच्या ट्यूशन एरियात, एका क्लासच्या कन्टेन्ट टीममध्ये, महिना ३० हजार. काम आवडीचं, टीम तरुण. अडचण एकच. लातूर नांदेडपासून सुमारे १४० किलोमीटर!

‘‘मग रूम घे ना तिथं,’’ मैत्रिणी म्हणाल्या. पण दोन वर्षांपूर्वी बाबा गेले. घरी आता आई आणि मी, दोघीच. आई रिटायर्ड शिक्षिका, डायबेटिस आणि स्वाभिमान दोन्ही असलेली. ‘‘माझ्यासाठी थांबू नकोस,’’ असं ती तीनदा म्हणाली. कुणी एखादी गोष्ट तीनदा म्हणालं की काय समजायचं, ते तुम्हालाही माहीत आहे.

ऑफिसवाल्यांनी सुचवलं, ‘‘आठवडाभर येऊन तर बघा.’’ म्हणून हा खटाटोप.

रस्ता चांगला, पण लांब

गोदावरीचा पूल ओलांडला, लातूर फाटा मागे पडला, की विष्णुपुरी येते. इथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे. १९९४ साली झालेलं. नांदेडसोबत लातूर, परभणी आणि हिंगोली हे जिल्हेही त्याच्याच अखत्यारीत. त्यामुळे मार्कशीटच्या कामापासून पीएचडीच्या गाइडपर्यंत लातूरकरांना हा रस्ता चुकत नाही. इकडून मी लातूरला निघालेय आणि तिकडून कुणीतरी विष्णुपुरीला निघालंय, असा हा मामला.

मग लोहा. लोह्यापुढे माळेगाव, खंडोबाच्या यात्रेचं. मार्गशीर्षात इथे घोड्यांचा, गाढवांचा, उंटांचा बाजार भरतो आणि अपडाऊनवाल्यांच्या वेळापत्रकाची वाट लागते. मग अहमदपूर. इथे अर्धा रस्ता संपतो. ड्रायव्हर चहाला उतरतो, निम्मी बस पाय मोकळे करते. पुढे शिरूर ताजबंद, चाकूर आणि शेवटी लातूर. खिडकीबाहेर हरभरा हिरवागार, तूर पिवळ्या फुलांवर. पहिल्या दिवशी मी मोबाइलवर पंधरा फोटो काढले. दुसऱ्या दिवशी दोन. तिसऱ्या दिवशी तोंडावर ओढणी घेऊन झोपले.

रेल्वेनं का नाही गेलीस, असं तुम्ही विचाराल. नकाशा बघा. नांदेडहून रेल्वे आधी पूर्णा, परभणीकडे जाते. तिथून गंगाखेड, परळी करत खाली उतरते आणि ‘लातूर रोड’ला पोचते. नावात लातूर आहे म्हणून हुरळून जाऊ नका. खरं लातूर तिथून आणखी तीसेक किलोमीटर! लोह्यावरून थेट रेल्वे व्हावी ही इथली जुनी मागणी आहे. ती पूर्ण होईपर्यंत एसटी जिंदाबाद. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीचं अर्धं तिकीट झालं. पूर्वी ‘भाड्यातच पगार जाईल’ म्हणून ज्या नोकऱ्या घरच्याच सोडायला लावायचे, त्या आता कितीजणी करतायत हे सकाळच्या कुठल्याही बसमध्ये चढून बघा.

म्हणजे पैशांचा प्रश्न अर्धा सुटला. उरला वेळेचा.

तासाला किती?

पहिल्या दिवशी मी घर सोडलं सव्वासहाला आणि परत आले पावणेदहाला. एकूण साडेपंधरा तास. त्यातले ऑफिसचे आठ वजा केले तर उरले साडेसात. म्हणजे नोकरी आठ तासांची आणि नोकरीपर्यंत पोचायची नोकरी साडेसात तासांची!

दुसऱ्या दिवशी बसमध्ये हिशोब मांडला. महिन्याचे २५ दिवस धरले. ऑफिसचे २०० तास, प्रवासाचे साडेसत्याऐंशी आणि वर शंभर. ३० हजार भागिले हे सगळे तास... तासाला ७७ रुपये. नांदेडच्या २० हजारांच्या नोकरीत जाण्यायेण्याचा एक तास धरूनही तासाला ८९ पडत होते. मोठ्ठं पॅकेज, म्हणता म्हणता, छोटं निघालं. आणि लातूरला रूम घेऊन, मेससकट आठ हजार वजा केले तर? तासाला शंभराच्या वर!

वर्षाचा आकडा तर मी काढायलाच नको होता. २,२५० तास. म्हणजे चोवीस तासांचे ९३ दिवस. तीन महिने सलग, दिवसरात्र, मागच्या चाकावरच्या सीटवर.

हे गणित नुसतं आम्हा मराठवाडेवाल्यांचं नाही बरं का. हिंजवडीच्या सिग्नलला १८ किलोमीटरसाठी दीड तास ब्रेकवर पाय ठेवून बसणाऱ्यांनो, बदलापूरहून सीएसएमटी गाठणाऱ्यांनो, तुमचा आकडाही एकदा काढून बघा. पुणे-मुंबई अपडाऊनची तर परंपराच आहे. डेक्कन क्वीन १ जून १९३० ला सुरू झाली. १९२ किलोमीटर ती साधारण सव्वातीन तासांत कापते आणि पासधारकांच्या कितीतरी पिढ्या तिच्यात भजी, पत्ते आणि वाढदिवस करत मोठ्या झाल्या. मला तेवढ्याच वेळात १४० किलोमीटर मिळत होते. भजी अहमदपूरला.

शेजारच्या सीटवरचे

पाच दिवसांत शेजारी खूप भेटले.

लोह्याला उतरणाऱ्या एक मॅडम. पाऊण तासाचा प्रवास. वह्या तपासायच्या, मग कानात हेडफोन आणि डोळे बंद. त्यांना म्हटलं, कंटाळा नाही येत? त्या म्हणाल्या, ‘‘अगं, दिवसातला हा एवढाच वेळ मला कुणी हाक मारत नाही. घर आणि शाळा एकाच गल्लीत असती तर मी वेडी झाले असते.’’

बँकेत काम करणारी एकजण अहमदपूरला चढायची. ती लातूरला नोकरीला, नवरा नांदेडला कॉलेजात. दोघांनी लग्नानंतर नकाशा काढला आणि बरोब्बर मधोमध घर केलं. ‘‘दोघांना सारखंच लांब पडतं, त्यामुळे भांडण नाही,’’ ती हसत म्हणाली. मग थोडं थांबून म्हणाली, ‘‘फक्त अहमदपूरला आमचं कुणीच नाही. ना सासर, ना माहेर. मुलगी सातपर्यंत शेजारच्या काकूंकडे असते. परवा तिनं काकूंनाच आई म्हणून हाक मारली.’’

आणि एक सर. लातूरहून नांदेडला चौघांत एक गाडी करून जायचे. पेट्रोल चौघांत, गप्पा फुल्ल. चार वर्षं जाम मजेत गेली. मग एका जानेवारीत, गाळपाच्या हंगामात, शिरूर ताजबंदच्या अलीकडे उसाची ट्रॉली अंधारात उभी होती. मागे ना दिवा, ना रिफ्लेक्टर. ‘‘दोन हातांवर गाडी थांबली. कुणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी मी नांदेडला रूम बघितली.’’ आता ते शनिवारी घरी जातात. त्यांच्यासाठी हद्द किलोमीटरची नव्हती. दोन हातांची होती.

शास्त्रज्ञ काय म्हणतात?

चेझारे मार्केटी नावाच्या इटालियन शास्त्रज्ञानं १९९४ मध्ये एक भारी गोष्ट मांडली. त्याचं म्हणणं, माणूस गुहेतला असो की महानगरातला, दिवसाला प्रवासासाठी तो सरासरी तासभरच देतो. अर्धा तास जायला, अर्धा यायला. वाहन वेगवान झालं तर माणूस वेळ वाचवत नाही, घर लांब नेतो. म्हणून जुनी शहरं पायी चालण्याच्या आवाक्यातली. आपल्या लातूरची गंजगोलाई आठवा. सोळा रस्ते येऊन मिळतात त्या गोल बाजारापासून जुन्या गावातलं कुठलंही घर पायी गाठता येतं. मार्केटीच्या हिशोबात लोह्याच्या मॅडम कशाबशा बसतात, चाकूरहून लातूरला येणारेही. मी कुठंच बसत नाही.

डॅनियल काह्नेमन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सासमधल्या ९०९ नोकरदार महिलांना आदल्या दिवसाचा तासातासाचा हिशोब विचारला. कुठलं काम करताना कसं वाटलं? सगळ्यात तळाला काय निघालं असेल? सकाळचा ऑफिसचा प्रवास! आणि ब्रुनो फ्राय आणि अलोइस श्टुट्झर या दोघांनी जर्मनीतली माहिती तपासून २००८ मध्ये दाखवलं, की लांबून येणारे लोक मुळात कमी समाधानी असतात. चांगला पगार, चांगलं घर या बदल्यात आपण लांबचा प्रवास पत्करतो खरा, पण ती भरपाई पुरत नाही. पगाराची सवय होते, प्रवासाची होत नाही.

हे सगळं मी बुधवारी संध्याकाळी परतीच्या बसमध्ये मोबाइलवर वाचत होते. पण या सगळ्या अभ्यासांत प्रश्न विचारले होते ते प्रवास करणाऱ्याला. घरी थांबलेल्या माणसाला कुणी काही विचारलं नव्हतं. हे माझ्या लक्षात आलं ते त्याच रात्री.

बुधवारची रात्र

चाकूरच्या पुढे उसाच्या ट्रॅक्टरमुळे रस्ता तुंबला होता. घरी पोचायला अकरा वाजले. दार उघडंच होतं. आई खुर्चीत बसलेली, कपाळावर घाम, डिसेंबरात! बोलताना शब्द अडखळत होते. हात हातात घेतला तर थरथरत होता. ओट्यावर दोन ताटं वाढून झाकून ठेवलेली.

‘‘आई, गोळी घेतलीस?’’

‘‘घेतली की. आठलाच.’’

‘‘आणि जेवण?’’

ती गप्प.

साखरेचं पाणी दिलं. पंधरा मिनिटांनी ती नीट बोलायला लागली. मग डॉक्टरांना फोन झाला, मग जेवण झालं, मग दोघी एकमेकींवर चिडलो. सोमवार, मंगळवारही ती माझ्यासाठी उपाशी थांबली होती. फक्त ते दोन दिवस पावणेदहावर निभावले होते. साडेसात तासांचा हिशोब मी केला, पण त्यात माझेच तास धरले होते. माझं अपडाऊन तीसुद्धा करत होती, घरात बसून.

गुरुवारी मी गेले नाही.

आईचा पास

दुपारी आई धपाटे लाटत होती. मी विचारलं, ‘‘तू बावीस वर्षं अपडाऊन केलंस. कसं जमवलंस?’’ तिची शाळा लोह्याच्या पलीकडच्या एका खेड्यात होती. मला आठवतं ते एवढंच, की संध्याकाळी मी गेटवर उभी असायचे आणि गल्लीच्या टोकाला तिची छत्री किंवा पर्स दिसायची.

‘‘बाबांचं आणि माझं ठरलं होतं,’’ आई म्हणाली. ‘‘किती का लांब असेना, दिवेलागणीच्या आत घरी पोचलं पाहिजे. तेवढं जमेल तिथवर नोकरी. त्याच्या पलीकडं नाही.’’

‘‘आणि त्याच्या पलीकडचं कधी आलंच नाही?’’

‘‘आलं होतं. मुख्याध्यापकाचं प्रमोशन. मुखेडकडं. दोन गाड्या बदलून परत यायला रात्रीचे आठ. मी नाही म्हणून लिहून दिलं. तू तेव्हा तिसरीत होतीस.’’

अठ्ठावीस वर्षांची झाले, मला हे आज कळत होतं. वीसेक वर्षांपूर्वीच्या त्या संध्याकाळी छत्री वेळेवर दिसायची, कारण कुणीतरी एका कागदावर सही केली होती.

पण आईनं स्वतःला सोडलं नाही. ‘‘खरं सांगू? नियमानं मी गावातच राहायला पाहिजे होतं. शाळा भरायच्या आधी मी पोचायचे, एक दिवस उशीर नाही. पण साडेचारची गाडी गेली की गावातल्या पोराला अडलेलं गणित विचारायला बाई नसायच्या. तू गेटवर उभी राहायचीस ना, तशी कुणी तिकडंही उभी राहिली असेल.’’

मुख्यालयी राहण्याचा हा वाद ग्रामीण महाराष्ट्रात जुना आहे. शिक्षक, ग्रामसेवक खरंच गावात राहतात का, यासाठी ग्रामसभेचा ठराव मागायचा निर्णय २०१९ मध्ये झाला. २०२२ मध्ये हा मुद्दा विधानसभेत गाजला आणि शिक्षक रस्त्यावर उतरले. एक बाजू म्हणते गावात राहा, दुसरी म्हणते आमच्या मुलांच्या शाळेचं, म्हाताऱ्या आईबापांच्या दवाखान्याचं काय. दोन्ही बाजू खऱ्या आहेत, हे मला आमच्या स्वयंपाकघरात कळलं. अपडाऊनचं भाडं एसटी सांगते तेवढंच नसतं. उरलेलं कुणीतरी दुसरंच भरत असतं. ते कोण, एवढं तरी आपल्याला माहीत पाहिजे.

शुक्रवारचा सौदा

शुक्रवारी लातूरला गेले आणि ऑफिसात सरळ बोलले. रोज येणं मला जमणार नाही. कायमचं लातूरला राहणंही नाही. सोमवारी सकाळी येईन, दोन रात्री राहीन, बुधवारी दोनला निघेन. उरलेलं काम घरून. खूप घासाघीस झाली. शेवटी ३० चे २६ हजार झाले. दोन शिक्षिकांसोबत एक रूम मिळाली, माझा वाटा मेससकट चार हजार. हिशोबाची सवय लागलीच होती, तासाला ९५ च्या आसपास पडतात.

आईची अट एकच. ‘‘मी आठला जेवणार. तू असलीस तरी आणि नसलीस तरी.’’ शेजारच्या मावशी सोमवार-मंगळवार तिच्यासोबत जेवायला येतात. आठ वाजता मी फोन करते. आधी ती मला विचारते, जेवलीस का? मग मी तिला. दोघींना खरं बोलायची सक्ती आहे.

तुमचं गणित वेगळं असेल. तरी पास काढण्याआधी एवढं करून बघाच...

* पगाराला फक्त ऑफिसच्या नाही, घर सोडल्यापासून घरी येईपर्यंतच्या तासांनी भागा. मग ऑफर्स शेजारी शेजारी ठेवा.
* एक दिवस नाही, निदान चार-पाच दिवस जाऊन बघा. पहिल्या दिवशी सगळे फोटोच काढतात.
* एसटीच्या मासिक पासला २० दिवसांच्या भाड्यात ३० दिवस प्रवास होतो. पण पास काढला की ‘पैसे भरलेत’ म्हणून आपण जात राहतो. आधी निर्णय, मग पास.
* पाऊण तासापर्यंतचा प्रवास स्वतःचा वेळ ठरू शकतो. त्यापुढे स्वतःला फसवू नका.
* रात्रीची गाडी स्वतः चालवणार असाल तर उसाचा हंगाम डोळ्यांपुढे आणा.
* तुमच्यामुळे घरात कुणाची जेवायची, झोपायची, औषधाची वेळ बदलतेय का? त्या माणसाला विचारा. एकदा नाही, तीनदा.

माझं सगळं सुटलंय असं नाही. जूनमध्ये ॲडमिशनचा सीझन सुरू झाला की ऑफिस आठवडाभर बोलावणार, हे आत्ताच कानावर आलंय. तेव्हा पुन्हा बोलावं लागेल, कदाचित पुन्हा हजार-दोन हजार सोडावे लागतील. किंवा नोकरीच. बघू.

गेल्या बुधवारी अडीचची बस मिळाली. या वेळी रुमालाचा नेम बरोबर बसला. खिडकी! लातूर फाट्याला पोचलो तेव्हा ऊन पार उतरलं होतं, पण पुलावरचे दिवे लागायचे होते. रिक्षा केली, गल्लीच्या टोकाला सोडली आणि चालत निघाले. आई गेटवर उभी होती.

‘‘लवकर आलीस,’’ ती म्हणाली.

‘‘वेळेत आले,’’ मी म्हटलं. मग आत जाऊन तिनं देवापुढे दिवा लावला.